राहिलेल्या कॅप्सूल

१

फौजदारांनी चहा नको म्हटलं तेव्हाच मावशी समजली, की हे काही सांत्वनाला आलेले नाहीत. ते नेमके ताईच्याच खुर्चीत टेकले. सुनेच्या तोंडाकडे न बघता त्यांनी तिलाच विचारलं, घरातल्या शुगरच्या गोळ्या कोणाच्या ताब्यात असतात? माझ्या, सून म्हणाली, सासऱ्यांची डबी मीच भरते. एवढंच हवं होतं अशी मान हलवून फौजदार उठले. परवा सकाळी चौकीवर या, जबाब घ्यायचाय, आणि दोन कपडे बरोबर असू द्या, म्हणाले. ते दाराबाहेर पडले तरी घरातलं एकही माणूस तिच्या बाजूने बोललं नाही.

मावशीचं डोकं सणकलं. आठवड्यापूर्वी तिची थोरली बहीण, ताई, गेली होती. तिला नीट रडायलाही झालं नव्हतं, आणि आता त्याच घरातली पोरगी खुनी ठरत होती.

ताईला मधुमेह नव्हता, हे आधी नीट समजून घ्यायला हवं. ती मधुमेहाच्या उंबरठ्यावर होती. साखर वाढलेली, पण आजार म्हणावा इतकी नाही. नवऱ्याच्या, म्हणजे भावोजींच्या, पायाचा अंगठा याच आजाराने कापावा लागला होता, त्यामुळे तिने धसकाच घेतला होता. गोळ्यांच्या नादाला लागायचं नाही, पण झाडपाल्याने साखर आवरली तर बघू, असं म्हणून ती एका संशोधन केंद्राच्या चाचणीत शिरली. एका कडू झुडपाच्या पाल्याचा अर्क कॅप्सूलमध्ये भरून उंबरठ्यावरच्या लोकांना द्यायचा, काहींना नकली कॅप्सूल द्यायच्या, आणि दर महिन्याला उपाशीपोटी रक्त घेऊन कोणाची साखर किती उतरली ते बघायचं, अशी ती चाचणी. तिसऱ्या महिन्याचं रक्त द्यायला जायच्या दिवशी सकाळी सून तिला उठवायला गेली, तर अंथरूण घामाने भिजलेलं आणि ताई बेशुद्ध. दवाखान्यात कळलं की साखर तळाला गेली आहे. ती शुद्धीवर आलीच नाही.

रक्तात शुगर उतरवणाऱ्या गोळीचा अंश निघाला, भावोजी घेतात त्याच गोळीचा. केंद्राने ताईची बाटली सरकारी प्रयोगशाळेकडे दिली, तिच्यातल्या कॅप्सूल स्वच्छ निघाल्या. नुसता पाल्याचा अर्क. म्हणजे गोळी घरातली. आणि घरातली म्हटल्यावर सगळ्यांची नजर एकाच ठिकाणी गेली.

मावशी निवृत्त औषध निरीक्षक. उभा जन्म तिने भेसळीच्या औषधांच्या मागे घालवलेला. ऑफिसात तिच्या पाठीमागे तिला करवत म्हणत, आणि तिला ते ठाऊक होतं, आवडतही होतं. ती भाच्यासमोर, ताईच्या मुलासमोर, जाऊन उभी राहिली आणि हे तुझ्या डोक्यात भरवलं कोणी, असं तिने सरळ विचारलं.

भाचा खिडकीबाहेर बघत होता. केंद्राचे डॉक्टर फार चांगले, म्हणाला. आईला दवाखान्यात नेलं त्याच संध्याकाळी स्वतः आले. मला बाजूला घेऊन त्यांनीच विचारलं, घरात शुगरच्या गोळ्या कोण हाताळतं. मला तर सुचलंही नसतं. मग दुसऱ्या दिवशी रक्ताचा रिपोर्ट आला. अजूनही फोन करतात, जुन्या बाटल्याबिटल्या सापडल्या तर परत द्या म्हणतात. किती बघतात ते.

"आणि बायकोला काय विचारलंस?" मावशीने विचारलं.

आतल्या खोलीतून कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला. सून दोन कपडे काढून ठेवत होती.

२

केंद्र एका दंतवैद्याच्या डोक्यावर, दुसऱ्या मजल्यावर होतं. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, वजनकाटा आणि भिंतीवर हसणाऱ्या रक्ताच्या थेंबाचं चित्र. मावशीला ते हसू बघूनच चीड आली.

पुढच्या टेबलावर एक तरुण मुलगी होती. चाचणीतल्या सगळ्यांना रोज फोन करून कॅप्सूल घेतली का विचारणं, त्यांची ने-आण बघणं, परत आणलेल्या बाटलीत किती उरल्या ते मोजणं, ही तिची कामं. ताई तिला फोनवाली म्हणायची आणि सख्ख्या नातीसारखं तिच्याबद्दल बोलायची. मावशीने आपण कोण ते सांगताच पोरीचे डोळे भरले. तिच्या पांढऱ्या कोटाची बटणं पांढरी होती, एकच तेवढं तपकिरी, मधोमध चांदणी कोरलेलं. हे बटण आपण कुठेतरी पाहिलंय, असं मावशीला वाटलं, पण रागाने भणभणलेल्या डोक्यात ते टिकलं नाही.

मध्यंतरी ताई आठवडाभर मावशीकडे राहायला आली होती आणि बाटली घरीच विसरली होती. हे तुला माहीत होतं का, मावशीने विचारलं. पोरगी म्हणाली, हो, आजींचा फोन आला होता. अगदी रडवेल्या झाल्या होत्या, तुमची चाचणी माझ्यामुळे बिघडली म्हणाल्या.

"मग तू काय सांगितलंस?"

"काही नाही. घाबरू नका म्हटलं." आणि ती टेबलावरच्या कागदांची उगीचच चवड लावू लागली. खोटं बोलणारी माणसं हातांना काम देतात, हे मावशीने नोकरीत पुष्कळ पाहिलं होतं. ही काहीतरी गिळून बसली आहे हे तिने ओळखलं, पण तेवढ्यात आतून बोलावणं आलं.

डॉक्टरांचा आवाज साय लावल्यासारखा होता. त्यांनी उठून नमस्कार केला, खुर्ची पुढे सरकवली, ताईची आठवण काढली. त्यांच्या मागे भिंतीवर आलेख होता. नकली कॅप्सूलवाल्यांची रेघ आडवी पसरलेली, आणि अर्कवाल्यांची जिना उतरावा तशी खाली खाली जाणारी. पुढच्या महिन्यात हे मोठ्या परिषदेत मांडायचंय, ते म्हणाले, आणि लगेच भान येऊन आवाज पाडला.

मावशीने आडवळणं घेतली नाहीत. तुमच्या कॅप्सूलमध्ये गोळीची भेसळ असेल, म्हणाली.

डॉक्टर रागावले नाहीत. हा प्रश्न रास्त आहे, म्हणाले. पण विचार करा, इतकी माणसं रोज हीच कॅप्सूल घेतात, कोणाला चक्कर म्हणून आली नाही. दोष कॅप्सूलमध्ये असता तर तो एकट्या तुमच्या बहिणीलाच कसा बाधला असता? शिवाय त्यांच्याच बाटलीत उरलेल्या कॅप्सूल सरकारने तपासल्या आहेत.

"उरलेल्या?" मावशीने विचारलं. "ताईने कॅप्सूल उरवल्या होत्या?"

"हो, आठवड्याभराच्या. तुमच्याकडे राहायला आल्या होत्या ना, तेव्हा चुकलेल्या."

मावशी उठली ती थेट जिन्यातच येऊन थांबली. ताई खोकल्याची बाटली संपली तरी त्यात पाणी घालून, खळखळवून पिणारी बाई. तिचा सगळा संसार असा शेवटच्या थेंबापर्यंत चाललेला. केंद्राकडून बोलणी बसू नयेत म्हणून तर तिने आकाशपाताळ एक केलं असतं. ती आठवड्याच्या कॅप्सूल बाटलीत ठेवून दुसऱ्या दिवशी मोजायला घेऊन जाणार होती? शक्यच नाही. मग सरकारने तपासल्या त्या कॅप्सूल कोणाच्या होत्या?

३

केंद्राला अर्क पुरवणाऱ्या शेठचा कारखाना म्हणजे एक लांबलचक पत्र्याची शेड. सगळीकडे हिरवट धूळ, यंत्रांवर, कामगारांच्या भुवयांवर, शेठच्या चष्म्यावरही. औषध निरीक्षक हा शब्द ऐकताच शेठची गाळण उडाली. निवृत्त म्हटल्यावर त्यांच्या जिवात जीव आला आणि मग त्यांना बोलायचं थांबवणं अवघड झालं.

मावशी त्यांच्यावर चवताळूनच आली होती. साखर उतरलेली दिसली तर माल कोणाचा खपणार होता? यांचाच. तिने तसं तोंडावर म्हटलं. शेठनी कानाला हात लावला. बाई, हा पाला माझ्या आजोबांपासून आहे आमच्याकडे, म्हणाले, मी रोज सकाळी चमचाभर फक्की मारतो. केंद्राला जे पिंप जातं त्यातलीच पूड, वेगळी नाही. त्यांनी खरंच एका पिंपाचं झाकण काढलं, चमचा भरला, आणि मावशीच्या देखत तोंडात टाकून वर पाणी प्यायले. तोंड इतकं वाकडं झालं की मावशीला एरवी हसू आलं असतं.

"तुम्हाला कशाला लागते?" तिने विचारलं.

मीही उंबरठ्यावरच आहे ना, शेठ म्हणाले. किती वर्षं झाली! आणि मग अभिमानाने छाती काढून त्यांनी सांगितलं की पाच वर्षांपूर्वी उपाशीपोटी साखर जेवढी होती तेवढीच आजही आहे. एका आकड्याने वाढू दिली नाही.

"उतरलीही नाही," मावशी म्हणाली.

शेठना ते लागलं. बाई, झाडपाला आहे, जादूटोणा नाही, ते फणकारले. तोल सांभाळतो, एवढंच मी म्हणतो. मावशीने डॉक्टरांच्या भिंतीवरच्या जिना उतरणाऱ्या रेघेबद्दल विचारलं. शेठ जरा ओशाळले. ती डॉक्टरांची हातोटी, म्हणाले. आम्ही फक्त पिंप पोचवतो. पुढे पूड मिसळणं, कॅप्सूल भरणं, सगळं त्यांच्याकडे. मला स्वतःला त्यांच्या कॅप्सूल मागायच्या आहेत, पण बाहेरच्याला देत नाहीत म्हणतात.

मावशी त्या हिरव्या धुळीत उभी राहून त्यांच्याकडे बघत राहिली. हा माणूस भेसळ करणारा असता, तर आपली साखर उतरत नाही हे असं छाती ठोकून सांगितलं असतं का त्याने? त्याला तर यात काही वावगं आहे हेही कळत नव्हतं. पिंपातली पूड जशी होती तशीच होती. गडबड पिंपाच्या पुढे झाली होती.

तेवढ्यात फोन वाजला. भाचा होता, आवाज चिरकलेला. "मावशी, आत्ताच्या आत्ता ये. आईची पर्स सापडली. हिच्या कपाटात होती, साड्यांच्या खाली."

४

घरात शिरल्या शिरल्या दिसलं ते असं. भाचा पर्स हातात धरून पुराव्यासारखी मिरवतोय, भावोजी दाराशी काठीवर भार देऊन उभे, आणि सून पलंगाच्या कडेला बसलेली. रडत नव्हती. रडून संपलेल्या माणसाचं तोंड असतं तसं तिचं तोंड होतं.

बघ, भाचा म्हणाला, मेलेल्या बाईची पर्स लपवून ठेवायचं हिला कारण काय?

मावशीने त्याच्या हातातून पर्स काढून घेतली. मग सुनेशेजारी बसली आणि या घरात आठवडाभरात कोणी केलं नव्हतं ते तिने केलं. तिने विचारलं, "बाळ, ही तू का ठेवलीस?"

सून हळूहळू बोलली. दुसऱ्या दिवशी रक्त द्यायला जायचं म्हणून सासूबाईंनी आदल्या संध्याकाळीच पर्स भरून दाराजवळ ठेवली होती. मग ते सगळं झालं. घरात माणसांची ये-जा, पर्स पायाखाली येत होती. त्यांच्या हातची ती शेवटची आवराआवर, म्हणून उचलून ठेवली. उघडलीसुद्धा नाही.

मावशीने पर्स उघडली. चष्मा, रुमाल, रक्त दिल्यावर खायला बिस्किटांचा पुडा. आणि एक पांढरी प्लॅस्टिकची बाटली. तिच्यावर केंद्राची चिठ्ठी होती, ताईचा क्रमांक आणि खाली तिसरा महिना. मावशीने झाकण काढलं. बाटली रिकामी होती. तळाला चिमूटभर हिरवी धूळ तेवढी होती.

तिने भाच्याकडे बघितलं. "ही इथे आहे, तर मग केंद्राच्या पोरीला तू काय दिलंस?"

बाटलीच, भाचा गोंधळून म्हणाला. शिलाईच्या मशीनवर होती. ती न्यायला आली तेव्हा मी दवाखान्यातून कपडे घ्यायला आलो होतो. हलवून बघितली, आत खुळखुळत होतं. दिली.

सून मान वर न करता म्हणाली, "ती मागच्या महिन्याची. झाकण घट्ट बसतं म्हणून सासूबाईंनी मागून घेतली होती. त्यात बटणं होती, तुमच्या आईच्या जुन्या स्वेटरची."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?" भाचा ओरडला.

"तू विचारलंस का तिला?" मावशी त्याच्या दुप्पट ओरडली. भावोजींनी काठी घट्ट धरली. भाचा खाली बसला.

पण मावशीचं लक्ष आता घरात नव्हतं. आईचा स्वेटर. दोघी बहिणी लहानपणी आईला बिलगून झोपायच्या तेव्हा गालाला रुतायची ती बटणं. तपकिरी, मधोमध चांदणी कोरलेली. त्यातलं एक तिने काल पाहिलं होतं. पांढऱ्या कोटावर.

५

फोनवाली दुपारच्या सुट्टीत जिन्याच्या वळणावर डबा उघडून बसली होती. मावशीने नमस्कारही केला नाही. तिच्या कोटाच्या बटणावर बोट ठेवलं आणि हे कुठून आलं, असं विचारलं.

पोरगी भांबावली. डॉक्टरांच्या टेबलावर मूठभर पडली होती, म्हणाली. फेकून दे म्हणाले. माझ्या कोटाचं एक तुटलेलंच होतं, म्हणून एक ठेवून घेतलं. केव्हा? आजींची बाटली त्यांच्या घरून आणून डॉक्टरांच्या हातात दिली, त्याच दिवशी. का, काही चुकलं का?

बाटली उघडून पाहिली होतीस का, मावशीने विचारलं. नाही, डॉक्टरांनी सक्त सांगितलं होतं, न उघडता माझ्याकडे आण म्हणून. मावशी खाली बसली. आता काल जे गिळलंस ते सांग, म्हणाली. ताईचा फोन आला तेव्हा तू तिला काय सांगितलंस?

डबा बाजूला ठेवून पोरगी हुंदके देऊ लागली. बाटलीत कॅप्सूल उरल्या की डॉक्टर बोलतात, लोकांनाही आणि मलाही, असं तिने अडखळत सांगितलं. सगळेच लोक कसंतरी करून बाटली रिकामी आणतात, कोणी मोरीत टाकतात. आजींना टाकायचं जिवावर आलं. काय करू गं, म्हणाल्या.

"मी म्हटलं, राहिलेल्या घेऊन टाका, आजी. झाडपालाच तर आहे, एकदम घेतल्या तरी काय होतंय? फार तर पोट बिघडेल." तिने पदरासारखा कोट तोंडात कोंबला. "आणि दुसऱ्या दिवशी त्या... काकू, माझ्यामुळेच झालं का?"

मावशीचा हात खरोखर वर गेला. ताईने त्या संध्याकाळी आठवड्याच्या कॅप्सूल एकदम गिळल्या, वर रक्त द्यायचं म्हणून रात्रभर पोटात अन्नाचा कण नाही. एकेक घेताना इतरांची साखर नुसती उतरत होती. आठवड्याभराच्या एकदम, आणि उपाशी पोट. एकट्या ताईलाच कशा बाधल्या, या डॉक्टरांच्या प्रश्नाचं उत्तर हे असं समोर बसून रडत होतं.

आणि तिथेच तिचा हात खाली आला. कॅप्सूलमध्ये गोळीची पूड आहे हे जिला ठाऊक आहे, ती म्हातारीला राहिलेल्या एकदम घे असं सांगेल? कधीच नाही. या पोरीचा मूर्खपणा हाच तिच्या निर्दोषपणाचा दाखला होता. मावशीला तिची दया आली असं मात्र कोणी समजू नये. राग होताच, फक्त त्याला आता खरा पत्ता सापडला होता.

"डोळे पूस," ती म्हणाली. "आणि फोन घे. चाचणीतल्या एकूण एक माणसाला कळव, आजपासून एकही कॅप्सूल कोणी तोंडात घालायची नाही. बाटल्या जशा आहेत तशा ठेवायच्या, तू गोळा करून फौजदारांकडे द्यायच्यास. डॉक्टरला विचारायला जाऊ नकोस."

६

ठरलेल्या सकाळी सून चौकीवर गेली नाही. मावशीने फौजदारांनाच केंद्रात आणलं. डॉक्टरांच्या त्या छोट्या खोलीत भाचा, सून, फोनवाली आणि शेठही दाटीवाटीने उभे राहिले. बसायला कोणी सांगितलं नाही, आणि मावशीलाही उभ्यानेच बोलायचं होतं.

तिने पर्समधली बाटली टेबलावर ठेवली. फौजदारांनी प्रयोगशाळेतून परत आलेली बाटली तिच्या शेजारी ठेवली. दोन्हींवर ताईचाच क्रमांक, दोन्हींवर तिसरा महिना. एका बाईला एका महिन्याची एकच बाटली मिळते. मग यातली एक आली कुठून, मावशीने विचारलं.

डॉक्टर हसायचा प्रयत्न करत म्हणाले की चिठ्ठी चिकटवण्यात चूक झाली असेल. मावशीने तिसरी वस्तू ठेवली, फोनवालीच्या कोटावरून उसवलेलं तपकिरी बटण. पोरीने तुम्हाला दिलेल्या बाटलीत अशी बटणं होती, ती म्हणाली. तुम्ही कॅप्सूल शोधायला बाटली उघडली आणि निघाली बटणं. म्हणजे खरी बाटली अजून घरातच. पण तुम्हाला तर कोणीतरी तपासण्याआधी स्वच्छ कॅप्सूल दाखवायच्या होत्या. रिकामी बाटली पाठवली असती तर सरकारने दुसऱ्या लोकांच्या बाटल्या मागवल्या असत्या. म्हणून शेठच्या पिंपातल्या नुसत्या पुडीच्या कॅप्सूल भरल्या, चुकलेल्या आठवड्याच्या हिशेबाने, नवी चिठ्ठी लावली, आणि दिली पाठवून. खरी हाती यावी म्हणून वर रोज माझ्या भाच्याला फोन.

"हे शेठही करू शकतात," डॉक्टर म्हणाले.

शेठ तर तीच पूड रोज खातात आणि त्यांची साखर तसूभर हलत नाही, मावशीने सांगितलं. शेठनी जोरात मान डोलावली. या पोरीला कळत असतं तर तिने ताईला सगळ्या एकदम घ्यायला सांगितल्या नसत्या. पूड मिसळून कॅप्सूल ज्याच्या हाताने भरल्या जातात असा इथे उरतो एकच माणूस. ते सगळं सोडा. ताईच्या रक्तात गोळी आहे हे कळलं दुसऱ्या दिवशी. मग तुम्ही आदल्या संध्याकाळी दवाखान्यात येऊन, घरात शुगरच्या गोळ्या कोण हाताळतं, हे कसं विचारलंत? तुम्हाला रिपोर्टच्या आधी कसं कळलं, की गोळीच निघणार आहे?

भाच्याच्या तोंडून एक आवाज निघाला. त्या संध्याकाळी ऐकलेलं वाक्य त्याला आता ऐकू येत होतं.

फौजदारांनी मग सांगितलं की फोनवालीने काल गोळा केलेल्या बाटल्या प्रयोगशाळेने रातोरात तपासल्या आणि त्यांतल्या निम्म्यांत गोळीची पूड सापडली आहे. डॉक्टरांच्या आवाजावरची साय फाटली. अर्क चालतो हो, ते म्हणाले, मला आजही खात्री आहे. फक्त आकडा तोकडा पडत होता. मी त्याला नुसता टेकू दिला. चिमूटभर, एका कॅप्सूलने माशीसुद्धा मेली नसती. त्या बाईने एकदम घेतल्या, त्याला मी काय करणार?

मावशी इतका वेळ शिस्तीत बोलत होती. आता मात्र तिचा बांध फुटला.

"चालत होता तर चालू द्यायचा होतात! लंगडत होता तर लंगडू द्यायचा होतात, लोकांना खरं तरी कळलं असतं. साखर वाढू नये म्हणून जीव मुठीत धरून आलेली माणसं ती. औषध नको, पाला द्या म्हणाली, म्हणून आली तुमच्याकडे. त्यांना न सांगता तेच औषध चारलंत. वर तुमच्या बोलण्याच्या धाकाने माझी बहीण कॅप्सूल उरवायला भ्यायली." तिचा आवाज खाली आला, आणि त्याने खोली जास्तच घाबरली. "तरी ते मी एक वेळ लोभ म्हणेन. पण अंगावर आलं तेव्हा तुम्ही काय केलंत? एका घरात गेलात आणि बोट कोणाकडे दाखवलं की सगळे लगेच विश्वास ठेवतील, ते बरोबर हेरलंत. शेजारी नाही, नवरा नाही, मुलगा नाही. सून. आणि आम्ही ठेवला विश्वास. त्याचा हिशेब मी तुमच्याकडे मागत नाही, तो आमच्याच घरात द्यायचाय."

भिंतीवरची रेघ डॉक्टरांच्या डोक्यामागून तशीच उतरत होती. फौजदारांनी त्यांना उठायची खूण केली, आणि मग जरा घुटमळून, सुनेकडे वळून, तुम्ही जाऊ शकता, असं म्हणाले. या वेळी तिच्या तोंडाकडे बघून.

खाली रस्त्यावर ऊन होतं. सुनेच्या हातात पिशवी होती, आणि तिच्यात ते दोन कपडे. मावशी मुद्दाम चार पावलं मागे राहिली. भाच्याने पिशवीला हात घातला आणि म्हणाला, "चल घरी."

तिने पिशवी सोडली नाही.

"आधी विचार," ती म्हणाली.

"काय विचारू?"

"काहीही. पण मला विचार."

भाच्याने मावशीकडे बघितलं. मावशीने मुद्दाम मान दुसरीकडे फिरवली. मग तो मान खाली घालून, अडखळत, रस्त्यावरच्या माणसांच्या देखत बायकोला विचारू लागला, की त्या दिवशी सकाळी तू आईला उठवायला गेलीस तेव्हा काय झालं, आणि सून पहिल्यापासून सांगू लागली.